चाळीस सेकंद थांबणारे मशीन

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा व्हिडिओ गेमची मशीने दुरुस्त करणे, हे मृत्युपत्र माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून राजीखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टरांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. बायकोने असा दाखला द्यायला नकार दिला, तो तिचा प्रश्न. माझे नाव सहीत आहे, वाचता आले तर. माझ्या पश्चात पुढीलप्रमाणे व्हावे.

१. राहते घर बायकोचे. ते आजही तिचेच आहे. कागदावर तेवढी चूक राहिली होती, ती दुरुस्त करतो.

२. बँकेतली ठेव मुलीची. ती संगणकाचे प्रोग्राम लिहिते. माझ्या सांगण्यावरून तिने एकदा एक लबाडीचे काम केले, त्याचा उल्लेख पुढे येईल. तिला मी कारण सांगितले नव्हते, सबब तिला दोष देऊ नये.

३. कोपऱ्यावरचे चष्मेवाले गेली सहा वर्षे गेम म्हणजे पोरखेळ असे चारचौघांत सांगत आले आहेत, आणि दर शनिवारी माझ्याकडे येऊन गाड्यांची शर्यत खेळत आले आहेत. ते ज्या स्टुलावर बसतात ते स्टूल त्यांना द्यावे. घरपोच द्यावे, भर दुपारी, लोकांदेखत.

४. दुकान, सोल्डरिंगची पेन्सिल, भिंग आणि स्क्रूड्रायव्हरचे दोन्ही संच पुतणीला. दुकान अर्धे तिच्या वडिलांचे, म्हणजे माझ्या धाकट्या भावाचे होते. ते त्याचे का उरले नाही, हे आता लिहितो.

५. आमच्या दुकानाचा एक नियम होता. दुरुस्त झालेल्या मशीनवर आम्ही दोघे भाऊ एक शर्यत खेळल्याशिवाय ते गिऱ्हाइकाच्या हाती जात नसे. मशीन जुने असले की शर्यत सुरू व्हायला वेळ लागे. दुकानाचे स्वतःचे मशीन सगळ्यांत जुने, ते चाळीसेक सेकंद घेई. तेवढ्या वेळात आम्ही बोलत असू. आईचे ऑपरेशन करायचे, भावाने त्याला आवडलेल्या मुलीशीच लग्न करायचे, असले सगळे तिथेच ठरले.

वाद एकच होता. भावाचे म्हणणे, मशीनला ताकद हवी. “दादा, चिप तगडी असेल तर गवताचं पातं न् पातं हलताना दिसतं.” मी म्हणे, “गवत बघायचंय तर बागेत जा.” हे सतरा वर्षे चालले. शेवटी नऊ वर्षांपूर्वी पैज लागली. आमचे जुने मशीन आणि त्याने आणलेले सर्वांत ताकदीचे नवे मशीन दिवसभर शेजारी शेजारी ठेवायचे. ज्याच्या मशीनपुढे कमी लोक थांबतील त्या भावाने दुकान सोडायचे. दोघेही हट्टाला पेटलेलो, मागे कोण हटणार?

पैजेच्या आठ दिवस आधी जुन्या मशीनचा बोर्ड जळाला. दुरुस्त होण्यासारखा नव्हता, माझ्याकडूनही नाही. मी गुपचूप नवा, तगडा बोर्ड आणून जुन्या खोक्यात बसवला. गेम तोच, चित्र तेच. पण शर्यत तीन सेकंदांत सुरू होऊ लागली. भावाला लगेच कळले असते. म्हणून मुलीकडून प्रोग्राम लिहून घेतला, की स्क्रीन चाळीस सेकंद थांबावी आणि मग गाड्या सुटाव्यात. इतक्या ताकदीच्या मशीनला मी रेंगाळायला शिकवले.

त्या दिवशी सगळी गर्दी जुन्या मशीनपाशी होती. थांबावे लागे म्हणून लोक एकमेकांशी बोलत, चिडवत, वाट बघत. नव्यापुढे जो तो मुकाट्याने खेळून जाई. संध्याकाळी भावाने किल्ल्या काउंटरवर ठेवल्या आणि तो गेला. तेव्हापासून तो एका कार्यालयात वातानुकूलनाचे पंखे दुरुस्त करतो. आम्ही बोलत नाही.

सत्य असे की त्या दिवशी दोन्ही मशीने सारख्याच ताकदीची होती, म्हणजे वादाचा निकाल लागलाच नाही. ताकद लागते का? लागते. बोर्ड जळाल्यावर नव्याशिवाय माझे चालले नाही. किती लागते, ते मला अजून माहीत नाही. मी लबाडी करून भावाला घालवले, हे मात्र नक्की माहीत आहे. मला त्याची आठवण येते. हे वाक्य कायद्याला लागत नाही म्हणून वकीलबाईंनी खोडायला सांगितले होते. ते राहू द्यावे.

६. भावाला मी काहीही देत नाही. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलबाई म्हणाल्या. त्याच्या बायकोलाही देता येत नाही, ते दारही त्यांनी बंद केले. मला तो साक्षीला हवा आहे, कारण दुसऱ्या कुठल्याही निमित्ताने तो या खोलीत येणार नाही. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते म्हणतात. याने कलम पाच माझ्यासमोर वाचावे. मशीन चालू करून ठेवले आहे. दुसरा कंट्रोलर, ज्याच्या वायरीला त्यानेच पट्टी चिकटवली होती, तो मी आज हयातीतच त्याच्या हातात देणार आहे, सबब त्याचा या मृत्युपत्राशी संबंध नाही.

येणेप्रमाणे लिहिले, वाचले, पुढे काही सुचले नाही म्हणून थांबलो.

ठिकाण : दुकानाची मागची खोली
दिनांक : ९ मार्च, सकाळचे अकरा
(सही)

साक्षीदार १ : समोरच्या दवाखान्याचे डॉक्टर. सही माझ्यासमोर झाली. सोबतचा दाखलाही माझाच.
(सही)

साक्षीदार २ : धाकटा भाऊ. सही माझ्यासमोर झाली. कलम पाच वाचलं. दादा, जुनं मशीन कधीच बरोबर चाळीस सेकंद घ्यायचं नाही. कधी सदतीस, कधी सेहेचाळीस. त्या दिवशी दुसऱ्याच शर्यतीला मला कळलं होतं. बोललो असतो तर दुकान तुला सोडावं लागलं असतं, आणि तुला दुसरं काहीच येत नाही. मला पंखे येतात.
(सही)