मसुदा माझा, सही अर्बाबची

औरंगाबाद
३ मार्च १९९८

चि. यशवंत,
सप्रेम जयभीम.

तुझ्या पत्राची वाट पाहून थकले, म्हणून मीच लिहिते. तुझी बायको श्वेता आणि छोटी रेवा बऱ्या आहेत. बाबा कुठे आहेत विचारलं की रेवा फोनकडे बोट दाखवते.

माझा लेख एकदाचा मासिकात आला. आठशे वर्षांपूर्वी जपानात योरितोमो या सरदारानं कामाकुरा गावी लढवय्यांचं सरकार उभं केलं. पदरी तलवारी पुष्कळ, पण कागद सांभाळायला जाणकार हवा होता. म्हणून राजधानीतून ओए नो हिरोमोतो हा पंडित आणला आणि दफ्तर त्याच्या हाती दिलं. संपादक म्हणाले, यात लढाई कुठंय? मी म्हटलं, माझा माणूस लढला नाही, त्यानं कागद केले. छापखान्यानं तर कहर केला. समासात मी नाव इंग्रजीत दिलं होतं, त्यातल्या 'नो'ला नंबर समजून 'ओए नं. हिरोमोतो' छापलं! 'नो' म्हणजे आपला 'चा' रे. ओए घराण्याचा हिरोमोतो. सहा महिन्यांची मेहनत मातीत.

ओमानातच कुरुमला नवी नोकरी मिळणार होती, तिचं काय झालं?

पत्राला उशीर झाला तरी चालेल, मायेला नको.
ताई


सोहार
१९ मार्च १९९८

ती. ताईस,
सविनय जयभीम.

तुझा नंबरवाला पंडित ऐकून खोलीतले सगळे हसले. रुपेश म्हणाला, त्यात काय, आपणही इथं लेबर कार्डावरचे नंबरच.

कुरुमच्या कंपनीनं जागा १५ एप्रिलपर्यंत धरली आहे. तिथं फॅमिली व्हिसा मिळतो, इथं नाही. पण त्यासाठी मालकाची, आमच्या अर्बाबची, एनओसी हवी. ती न घेता नोकरी सोडली तर दोन वर्षं ओमानमध्ये परत कामाला येता येत नाही.

अर्बाब फौजेतून निवृत्त झालेला. मनानं वाईट नाही, पण कागदाचं वावडं. बँकेला, सरकारी खात्यांना जाणारं प्रत्येक पत्र मी लिहितो, तो सही करतो. माझी एनओसीसुद्धा मीच लिहिली. त्यानं वाचली, भाषेची तारीफ केली, इन्शाल्ला म्हणाला आणि खणात ठेवली. असे तीन मसुदे त्या खणात आहेत.

काल त्यानं मला कुरुमला, याला सोडणार नाही असं नकाराचं पत्र लिहायला सांगितलं. म्हणाला, तू गेलास तर मी मुका. मी लिहिलं. दिलगिरीचं वाक्य नीट बसेना, म्हणून दोनदा बदललं. छान जमलं. मग लक्षात आलं, मी काय करतोय. पत्र अजून माझ्या खिशात आहे. अर्बाबला वाटतं, टपालात पडलं.

रेवाला पापा. तुझी माया आहे तशी असू दे.
यशवंत


औरंगाबाद
१ एप्रिल १९९८

चि. यशवंत,
सप्रेम जयभीम.

ते पत्र फाडून टाक. तुला अक्कल कधी येणार? स्वतःच्या नकाराला इस्त्री करणारा तू एकटाच असशील.

राज्यभर आपले अधिकारी नेमावेत ही युक्ती हिरोमोतोची, असं जुन्या बखरीत आहे. नाव झालं योरितोमोचं. तरी तो चाळीस वर्षं तिथंच राबला, तिथंच वारला. मी लेखात याला मोठेपणा म्हटलं. तुझं पत्र वाचून माझाच मला राग आला.

एक कर. अर्बाब जसं बोलतो तसंच टाइप कर. एक शब्द सुधारू नकोस. तुझा उपयोग उरला नाही की चार दिवसांत खण उघडेल.

रागावले तरी तुझीच,
ताई


सोहार
२० एप्रिल १९९८

ती. ताईस,
सविनय जयभीम.

तुझं ऐकलं. सिमेंटवाल्यांना पत्र होतं. अर्बाब म्हणाला, यल्ला, लवकर सांग त्यांना, सिमेंट खलास, झोपलात काय. तसंच टाइप केलं. त्यानं न वाचता सही केली. लिफाफा मी बंद केला आणि दहा मिनिटांनी मीच फोडला. पुन्हा नीट लिहून सहीला नेलं. ताई, वाईट कागद माझ्या हातून जात नाही. आणि चांगले जातात तोवर तो खण उघडत नाही.

पंधरा तारीख गेली. कुरुमची जागा भरली.

काल राजीनामा दिला. दोन वर्षं इकडचं दार बंद, माहीत आहे. त्यानंतर कोण बोलावणार, तेही माहीत नाही. महिन्याभरात घरी येतो. श्वेताला मी फोन केला आहे, तिनं तो रेवाच्या कानाला लावला.

राजीनामा एका ओळीचा होता. अर्बाबनं तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, याला उत्तर कोण लिहिणार. मी सांगितलं, याला उत्तर लागत नाही.

भेटीपर्यंत लोभ राखून ठेव.
तुझा,
यशवंत