चौथं छिद्र

सर, तुमचं ते रॉकेटचं नॉझल माझ्या टेबलावर आहे. त्याच्याखाली बिलं आणि चलनं दाबून ठेवतो. वजन चांगलं आहे, पंख्याच्या वाऱ्याला हलत नाही, आणि न हलणाऱ्या वस्तूंबद्दल तुम्हांला किती प्रेम होतं ते मी सांगायला नको. तुम्ही गेलात तेसुद्धा तत्त्वाला धरूनच. खुर्चीत बसल्या बसल्या, हात ना पाय, काहीही न हलवता. चहावाला येऊन कप ठेवून गेला, तरी त्याला कळलं नाही. त्याला दोष देत नाही. जिवंतपणीही तुम्ही त्याच्याकडे बघत नव्हतातच.

मी पाठशाळेतून आलो होतो. शास्त्री झाल्यावर पोट भरेना म्हणून उशिरा डिप्लोमा केला, आणि अंबडच्या तुमच्या वर्कशॉपमध्ये मुलाखतीला बसलो, तेव्हा तुम्ही माझे कागद दोन बोटांनी उचलून विचारलंत, की यंत्राला मंत्र लागतो असं तुम्हांला कोणी सांगितलं? मी म्हटलं, लागत नाही सर, पण चालतो. तुम्ही हसला नाहीत. ठेवून मात्र घेतलंत, कारण माझं इंग्रजी व्याकरणशुद्ध होतं आणि तुमच्याकडे अहवाल लिहायला कोणी नव्हतं. त्या दिवसापासून मी शास्त्रीबुवा झालो. पगाराच्या पाकिटावरसुद्धा.

रॉकेटला वळवायचं कसं, हे तुम्ही मला पहिल्याच आठवड्यात खडूने जमिनीवर काढून दाखवलं होतंत. लोक मागचं अख्खं नॉझल, म्हणजे झोत बाहेर टाकणारं तोंडच, तिरपं करतात. त्यासाठी सांधे आणि दट्टे लागतात, आणि तुमच्या मते जे हलतं ते मोडतं. त्याऐवजी नॉझलच्या आतल्या भिंतीला बारीक भोक पाडायचं आणि त्यातून बाजूने थोडा वायू आत सोडायचा. मुख्य झोत एवढा बलदंड, पण त्या बारीक फुंकरीला अडखळतो, त्या बाजूला दाब चढतो, झोत पलीकडे झुकतो आणि रॉकेट वळतं. "मुख्य झोताला हात लावायचा नाही, बाजूनं थोडं सोडायचं," असं तुम्ही म्हणालात आणि हाताचा खडू झटकलात. मला ते तेव्हा निव्वळ विज्ञान वाटलं होतं.

आपण आगीऐवजी कॉम्प्रेसरच्या हवेवर चाचण्या घ्यायचो. नॉझलच्या तोंडासमोर रेशमाचा दोरा टांगलेला असायचा. चार बाजूंना चार छिद्रं, प्रत्येकाला आपली पितळी नळी, आणि चार नळ्यांच्या चार झडपा भिंतीपाशी. कोणी विचारलंच, की एकही हलता भाग नाही म्हणता, मग झडपा? तर तुम्ही म्हणायचात, त्या लांब आहेत, त्या धरायच्या नाहीत. झडपा फिरवायचं काम माझ्याकडे होतं. म्हणजे मलाही धरायचं नव्हतं.

छिद्रं मामांनी पाडली होती. मामा देवळ्याकडचे फिटर, तुमच्याही आधीपासून त्या शेडमध्ये. मिलिमीटरभराचं भोक, तेही आतून निमुळत्या होत गेलेल्या भिंतीत, ठरलेल्या कोनात. ड्रिल खाली घेताना ते श्वास रोखून धरत. भोक पडलं की करंगळीचं नख कडेवरून फिरवत आणि मगच श्वास सोडत. चार छिद्रांना चार दिवस लावले त्यांनी. तुम्ही रोज सकाळी घड्याळाकडे बघत विचारायचात, मामा, आज तरी बाळंत होणार का? सगळे हसायचे. मामाही हसायचे, पण नख फिरवल्याशिवाय उठत नसत.

मग खंडेनवमी आली. शेडमधल्या प्रत्येक हत्याराला हळदकुंकू, झेंडूच्या माळा, लेथच्या चकाला नारळ. नॉझललाही पाटावर बसवलं होतं, नळ्या सोडवून शेजारी मांडलेल्या. पूजा सांगायला शास्त्री घरचाच. मी अगदी रंगात येऊन मंत्र म्हटले आणि शेवटी मूठभर अक्षता उधळल्या. तुम्ही दाराशी चपला घालूनच उभे होतात. मामांनी तुमच्या पायांकडे पाहिलं, तुम्ही छताकडे.

दसरा झाल्यावर बाहेरगावचे पाहुणे आले, ज्यांच्याकडून पुढचं काम मिळायचं होतं ते. मी पहिली झडप उघडली, दोरा डावीकडे झुकला. दुसरी, तिसरी, दोरा शहाण्या विद्यार्थ्यासारखा सांगितल्या बाजूला. चौथी उघडली, दोरा जागचा हलला नाही. मी झडप बंद करून पुन्हा उघडली. दोरा तसाच. तुम्ही जरासुद्धा रागावला नाहीत, सर. पाहुण्यांकडे वळून, घरातल्या म्हाताऱ्याबद्दल बोलावं तशा मायेनं म्हणालात, "आमच्या मामांचा हात आता थकलाय." पाहुण्यांनी सहानुभूतीने माना डोलावल्या. त्यांतल्या एकाने मामांना वय विचारलं. मामांनी ते सांगितलं आणि स्वतःच्या उजव्या हाताकडे असं पाहिलं, जणू तो दुसऱ्याच कोणाचा चुकून आपल्याकडे आलाय.

शिफ्ट सुटल्यावर आपण दोघांनी चौथी नळी उघडली. छिद्राच्या तोंडाशी, बाहेरच्या अंगाला, कुंकवात माखलेला तांदळाचा एक दाणा घट्ट बसला होता. नळीत पडलेला, आणि हवेनं पुढे ढकलत नेऊन अडकवलेला. तुम्ही तो सुईने काढलात, तळहातावर घेतलात आणि तुम्हांला मनापासून हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "शास्त्रीबुवा, तुमचा आशीर्वाद," म्हणालात. नळी परत बसवून चौथी झडप उघडली. दोरा झुकला. इतर तिन्हींपेक्षा काकणभर जास्तच सुरेख. भोक बिनचूक होतं.

मी म्हटलं, मामांना सांगायला हवं. त्यावर तुम्ही जे बोललात ते मला शब्दन्‌शब्द पाठ आहे, आणि पाठ करण्यात माझी हयात गेली आहे. "सांगा ना. मी कुठे अडवलंय? मग पाहुण्यांनाही कळवावं लागेल, की अहवाल लिहिणारे गृहस्थ यंत्रात तांदूळ टाकतात. मग तुमच्या जागी अहवाल मामाही लिहितील, नाही का?" दाणा तुम्ही रिकाम्या काडेपेटीत ठेवलात आणि पेटी खिशात. मला काही करायला लावलं नाहीत. फक्त बाजूनं थोडं सोडलंत.

अहवाल मी लिहिला. चौथ्या छिद्राच्या कामात दोष, तो दूर केला, आता चारही दिशांना वळण समाधानकारक. तीन वाक्यं, एकही कर्ता नाही. पाठशाळेत कर्मणी प्रयोग घोटून घेतला होता, तो कुठे कामी येईल हे गुरुजींना ठाऊक असतं तर त्यांनी तो धडा गाळला असता. काम मिळालं. मामांना तुम्ही काढून टाकलं नाहीत, फाटकावर बसवलंत, गाड्यांची नोंद ठेवायला, सावलीत, खुर्चीसकट. सगळे म्हणाले, सरांनी केवढं सांभाळून घेतलं.

महिनाभर मी मागच्या दाराने ये-जा केली. एकदा पुढून जावंच लागलं. मामांनी वही मिटली, मला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "भाऊ, भोक बराबर व्हतं ना?" मी म्हटलं, बघतो मामा. काय बघणार होतो देव जाणे. दिवाळीनंतर ते देवळ्याला निघून गेले. हत्यारांची पेटी शेडमध्येच राहिली. तुम्ही ती नव्या फिटरला दिलीत.

आणि मग दर खंडेनवमीला, भर शेडमध्ये, तुम्ही शर्टाच्या खिशावर दोन बोटं टकटक करून विचारायचात, शास्त्रीबुवा, अक्षता तुम्हीच टाकणार ना? मला सोडून कोणालाच विनोद कळत नसे, तरी सगळे हसत, कारण तुम्ही विचारलेलं असे. मीही हसायचो. एकदा कॉलेजात संस्कृत शिकवायची जागा आली होती. मी तुमच्यापाशी नुसता विषय काढला, तुमची बोटं खिशाकडे गेली, मी विषय मिटवला. तुमच्या मागे ती काडेपेटी ड्रॉवरमध्ये सापडली. उघडली तर रिकामी होती, सर. कधीपासून रिकामी होती, तेवढं मात्र विचारायचं राहिलं.

आता तुमच्या खुर्चीत मी बसतो. आपल्या नॉझलची थोरली भावंडं खऱ्या आगीवर चालून आली, वळली, टाळ्या पडल्या. माझा सत्कार झाला, शाल मिळाली. गंगापूर रोडच्या घरात ती अजून प्लास्टिकमध्ये आहे. सत्काराची बातमी कोणीतरी मामांना वाचून दाखवली असावी. गेल्या मंगळवारी त्यांच्या मुलीचा फोन आला. बाबा अंथरुणाला खिळलेत, म्हणाली. बोलणं फारसं समजत नाही, पण उजवा हात उचलून नख हवेत फिरवतात आणि एकच विचारतात. "तेवढं त्यांना फोनवर सांगता का, काका? की भोक बरोबर होतं म्हणून. मी फोन कानाला लावते त्यांच्या."

नॉझल माझ्या समोर होतं. चौथ्या छिद्रावर बोट ठेवलेलं होतं. कडा अजून तशीच गुळगुळीत. मी अतिशय मायेनं म्हणालो, ताई, फार जुनी गोष्ट झाली, ते नॉझल भंगारात गेलं, आता कसं सांगणार? त्यांना म्हणावं, विश्रांती घ्या. ती थँक्यू म्हणाली. मागून घरघर ऐकू येत होती. ती प्रश्नाची होती की नुसत्या श्वासाची, ते मला सांगता येणार नाही. तो अहवाल अजून फायलीत आहे, सर, आणि खाली सही माझी आहे. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, सांगा ना, मी कुठे अडवलंय.

हे पत्र तुम्हांला पोचायचं नाही आणि देवळ्याला मी ते धाडणार नाही. घडी घालून नॉझलखाली ठेवीन, चलनांबरोबर. एक बारीकशी गोष्ट तेवढी राहिली. खंडेनवमीची पूजा अजून मीच सांगतो, पण अक्षता टाकत नाही, टाकू देत नाही. फुलं वाहतो. नवीन कोणी कारण विचारलं, तर म्हणतो, यंत्राला अक्षता वर्ज्य, शास्त्रात तसं आहे. मान डोलावतात बिचारे. शास्त्रात असं कुठेही नाही, सर.