उ. फि. आणि सु. फि.

ती. मामांना,

साष्टांग नमस्कार घालणार होतो, पण माझ्या आठ अंगांपैकी कंबर, उजवा खांदा आणि डावा अंगठा सध्या कामावर नाहीत, तेव्हा उरलेल्यांनी घातलेला नमस्कार गोड मानून घ्यावा. तुमचे गुडघे कसे आहेत? मामींची झोप कशी आहे, आणि तुमचं घोरणं? (हे दोन प्रश्न एकच आहेत, याची मला कल्पना आहे.) इकडे सर्व क्षेम. गाडीही क्षेम. गाडीबद्दल तुम्ही काही विचारलेलं नसताना मी आपण होऊन सांगतोय, यावरून तुम्ही भलतंसलतं काही ताडू नये.

तुमची अट माझ्या पूर्ण लक्षात आहे. बावीस वर्षं वापरलेली मोटारसायकल माझ्या हवाली करताना तुम्ही म्हणालात की वर्षभर वापर, स्वतःच्या हातांनी सांभाळ, परक्याचा हात लागू देऊ नकोस. पुढल्या वर्षी याच महिन्यातल्या पहिल्या रविवारी मी येऊन किक मारीन, पहिल्या किकला सुरू झाली तर कागद तुझ्या नावावर, नाही झाली तर गाडी मावशीच्या मुलाकडे. आता तो रविवार बारा दिवसांवर आलाय. मावशीच्या मुलाला सगळं घर ‘फडकं’ का म्हणतं ते तुम्हाला सांगायला नकोच. खिशात पिवळं फडकं घेऊन फिरणारा आणि समोर येईल ते पुसणारा माणूस आहे तो. माझ्या लग्नाच्या फोटोत तो माझा चष्मा पुसताना आलाय, त्यामुळे मी कोणाकडे बघून हसतोय ते आजतागायत कळत नाही. त्याच्या हाती गाडी गेली तर वर्षभरात तिचा रंग पुसून जाईल. शिवाय आमच्या घरी गाडीची गरज आहे. आमची ही शिवणकाम करते, तयार कपडे गिऱ्हाइकांच्या घरी पोचवते. गाडी आल्यापासून तिची मोठी सोय झाली, म्हणजे मी छापखान्यात गाडीने जातो आणि बसमध्ये माझी जागा तिला मिळते.

आता मूळ विषय. गेल्या महिन्यात इंजिनातून टकटक असा आवाज यायला लागला. माझ्यासमोर दोन रस्ते होते: कंपनीच्या शोरूममध्ये सर्व्हिसिंगला टाकायची, की तुमची वही उघडून घरीच करायचं. तुम्ही गाडीबरोबर दिलेली ती चाळीस पानी वही मी जपून ठेवली आहे. (इतकी जपून की ती सापडायला चार दिवस लागले.) मी मुद्रितशोधक आहे, सतरा वर्षं लोकांच्या चुका शोधून पोट भरतोय, तेव्हा वाचून करण्याच्या कामाला मी भिणार नाही हे तुम्ही जाणताच. तरी मी आधी शोरूमला गेलो. का गेलो, हे विचारू नका. भ्यालो.

अटीचा भंग झाला असं कृपया समजू नये. तिथले सगळे कामगार हातमोजे घालतात, त्यामुळे परक्याचा हात असा लागलाच नाही. ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून मी आत शिरल्यावरही हेल्मेट काढलं नाही, तर दारावरच्या माणसाने मला दोनदा बाहेर काढलं. आत काचेची भिंत, तिच्यासमोर सोफा, आणि गळ्यात टाय बांधलेले एक साहेब. साहेबांनी माझं नाव तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा वेगवेगळं लिहिलं. गाडीला ते गाडी म्हणत नाहीत, ‘व्हेइकल’ म्हणतात; टकटक म्हटलेलंही त्यांना आवडलं नाही, त्यांनी ‘कस्टमर साउंड सांगतो’ असं लिहिलं, जणू आवाज मीच काढत होतो. मग त्यांनी मला एका नव्या कोऱ्या गाडीवर बसवलं, दोन्ही हात हँडलवर ठेवायला लावले आणि आता कसं वाटतंय ते विचारलं. मी म्हणालो, माझी गाडी कुठे आहे? ते म्हणाले, तिचं वय झालंय. मामा, ते तुमच्याबद्दल बोलल्यासारखं मला लागलं. खरोखर लागलं.

पण मीही कच्च्या गुरूचा चेला नाही. गाडी देण्यापूर्वी मी एअर फिल्टरच्या झाकणाखाली एक चिठ्ठी ठेवली होती: ‘हे वाचलंत तर खाली सही करावी.’ संध्याकाळी गाडी परत मिळाली ती अशी चकचकीत, की फडक्याला रडू फुटलं असतं. सोबत तपासणीचा कागद, साठ मुद्दे, साठांपुढे बरोबरच्या खुणा. लोक अशा कागदाची घडी घालून खिशात ठेवतात. मी वाचतो, वाचल्याशिवाय मला राहवत नाही. तेहेतिसावा मुद्दा, ‘मागचे दोन्ही दरवाजे’: ठीक. चौतिसावा, ‘पुढची काच आणि वायपर’: ठीक. एकेचाळिसावा, ‘डिकीतला दिवा’: ठीक, नवीन बसवला. मी तो कागद साहेबांपुढे धरून म्हणालो की आमच्या मोटारसायकलचे मागचे दरवाजे एकदा मलाही बघायचेत. साहेब जराही विचलित झाले नाहीत. म्हणाले, फॉर्म कॉमन असतो. टकटकीचं काय, विचारलं तर म्हणाले, ती गाडीची सवय आहे. घरी येऊन झाकण उघडलं. चिठ्ठी जिथल्या तिथे, सहीची जागा कोरी. माणसं न वाचता खुणा कशा करतात हे मला या जन्मात कळायचं नाही.

त्यानंतर मी शपथच घेतली, आता घरीच करायचं. पोट बिघडल्याचं सांगून छापखान्यातून रजा काढली, जिन्याखालच्या बोळात जुनी प्रुफं अंथरली, गाडी स्टँडवर उभी केली आणि शेजारी तुमची वही उघडून ठेवली. आमची ही मशीनवर बसली होती, तिथूनच म्हणाली की मामांची वही जरा मला बघू दे. ती आपल्या शिलाई मशीनला दर शनिवारी स्वतः तेल घालते, पट्टा बदलते, एकदा तर तिने सगळी मशीन खोलून पुन्हा जोडली होती, त्यामुळे तिचा असा समज झालाय की यंत्रं सगळी एकच. मी तिला शांतपणे समजावलं की ही तांत्रिक बाब आहे, कमरेचं माप नव्हे. तिने पाय मशीनवर जरा जोरात चालवला.

मामा, वही तुम्ही उत्तम लिहिली आहे, पण संक्षेप फार. मी चाळीसपैकी एकोणचाळीस पानं वाचली (शेवटचं पान कव्हरला चिकटलंय, त्यावर काही महत्त्वाचं असणार नाही) आणि संदर्भावरून प्रत्येक संक्षेप सोडवला. ‘पा. १७’ म्हणजे सतरा नंबरचा पाना, ‘फ. पु.’ म्हणजे फडक्याने पुसणे (मावसभाऊ नव्हे). मग आलं ते वाक्य: ‘तळचा बोल्ट पा. १७ ने उ. फि. तेल जाऊ दे. मग सु. फि.’ दुसऱ्या कोणी इथे हात टेकले असते. मी पाच मिनिटांत अर्थ लावला: उजवीकडे फिरव. मग, सुटेपर्यंत फिरव.

तर मी उजवीकडे फिरवला. तेल आलं नाही. आणखी फिरवला. बोल्ट हलेना. बावीस वर्षांत तो असा मुरला असणार, म्हणून मी पान्याला एक लांब पाइप अडकवला, पाय भिंतीला लावले आणि जोर केला. इथे माझी कंबर गेली. तेल तरीही आलं नाही, तेव्हा पहिली सूचना पुरी झाली असं धरून मी तेलासाठी खाली ठेवलेला टब बाजूला सारला आणि दुसऱ्या सूचनेकडे वळलो, म्हणजे तोच बोल्ट सुटेपर्यंत. खांदा इथे गेला. आणि मामा, तुमची वही खोटं बोलत नाही, बोल्ट सुटला. कटकन सुटला, आट्यांचा भुगा घेऊन सुटला, आणि बावीस वर्षांच्या गाडीचं सगळं काळं तेल माझ्या तोंडावर, छातीवर आणि एका ज्योतिषाच्या पुस्तकाच्या प्रुफांवर आलं. अंगठा कुठे गेला ते नक्की आठवत नाही. ही दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “सुटला का?” एवढंच.

तेव्हापासून गाडी जिन्याखाली चादरीखाली आहे. तिच्यात तेल ठरत नाही आणि तिच्याकडे बघून मी ठरत नाही. रोज छापखान्यात जाताना मी तिथे क्षणभर थांबतो, मान खाली घालतो आणि बस पकडतो. चूक वहीची नाही आणि वाचणाऱ्याची तर नाहीच नाही, बोल्टच मुळात सदोष निघाला. पण विचार करकरून मी एका निष्कर्षाला आलोय. शोरूमवाले आपली गाडी काचेपलीकडे बिघडवतात, घरी ती आपल्या डोळ्यांदेखत बिघडते; पहिल्यात सोफा मिळतो, दुसऱ्यात निदान आपण हजर असतो. यांतलं काय बरं, हे तुमच्यासारख्या जाणत्याने सांगावं. मला दुरूस्ती या शब्दाचीच आता धास्ती वाटते.

मामींना नमस्कार. गुडघ्यांना जपा, विशेषतः प्रवास टाळा.

तुमचा भाचा

ता. क. गुडघ्यांचं मी मनापासून लिहिलंय. पहिल्या रविवारी येण्याची दगदग अजिबात करू नये. हवाही बरी नाही असं म्हणतात.

ता. क. २. यायचंच असेल तर शनिवारी यावं, एकट्याने यावं, आणि पिशवीत एक तळचा बोल्ट असावा. मामींना सांगू नये, त्या मावशीला सांगतात आणि मावशी फडक्याला. मामा, गाडी जाऊ देऊ नका. मी तिच्यावर तुमच्यासारखाच बसतो असं लोक म्हणतात, आणि मला ते आवडतं.

ता. क. ३. मामा, हे अक्षर माझं, म्हणजे तुमच्या भाचेसुनेचं. पाकिटात घालून पेटीत टाक म्हणून यांनी पत्र माझ्याकडे दिलं. मी वाचलं. वहीचं शेवटचं पान वाफेवर धरलं की सुटतं. त्यावर तुम्ही लाल शाईने ‘हे पान आधी वाच’ लिहून सगळ्या संक्षेपांची यादी दिली आहे. उ. फि. म्हणजे उलट फिरव, सु. फि. म्हणजे सुलट फिरव. मी लेथवाल्याला घरी बोलावून मोठ्या मापाचे आटे पाडून घेतले, नवा बोल्ट बसवला, तेल भरलं. टकटक एका सैल नटाची होती, पान अकरावर लिहिलंय. आठवडा झाला, हे बसने गेले की मी गाडी काढते आणि गिऱ्हाइकांचे कपडे पोचवून यांच्या आधी परत येते. पहिल्या किकला सुरू होते. गाडी मी आता घरामागे ठेवते, चादरीखाली सध्या माझं इस्त्रीचं टेबल आहे, हे रोज त्याच्यापुढे मान खाली घालतात. सांगणार होते, पण हे अजून त्या बोल्टलाच दोष देतात, म्हणून थांबले. वर ‘दुरुस्ती’तला रु दीर्घ पडलाय, तोही तसाच ठेवला आहे.

रविवारी जरूर या. कागदांवर माझं नाव पूर्ण लिहा, संक्षेप नको.