मागं सरायची तालीम

मुक्काम झरी, पौष वद्य, बुधवार

श्री. रा. रा. दिनकरराव पाव्हणे, पाथरी, यांस सटवाजीचा रामराम पोचावा. इकडं खंडोबाच्या कृपेनं सगळी खैरियत हाय (माझं डोकं सोडून, त्याचं पुढं येतंच). तुमचा गुडघा काय म्हणतो? धुरपतावहिनींचा खोकला गेला का? तुमची बहीण मनकर्णा मजेत हाय. तिच्या मजेचं कारणबी पुढं येतंच.

पाव्हणं, तुमच्या भाच्याचा मला शक आलाय. भुजंग सिकंदराबादच्या छावणीतून रजेवर आला तवा बाप म्हणून मला लय आनंद झाला. फौजेत त्याला मुक्केबाजीसाठी निवडलंय, अन् परभणीच्या उरुसात छावणीतल्याच एका गड्याशी त्याची जोड ठरलीय. आता मुक्का म्हणजे आपल्या घरची चीज. आमचे वडील ग्यानबा मुठी तुरटीच्या पाण्यात बुडवून वाळूच्या पोत्यावर हाणायचे. त्यांच्या काळी दोघं समोरासमोर उभे ऱ्हायचे, एक ठोसा तुझा, एक माझा, अन् जो पाऊल मागं घेईल तो हारला. माझ्या वक्ताला जोर-बैठका आल्या, तेलाची मालिश आली, खुराकात दूध-तूप आलं. पण पाऊल मागं घ्यायचं न्हाई हा कायदा तोच. (माझे पुढचे दोन दात ह्याच कायद्यात चारठाण्याच्या जत्रेत गेले. दात हालले, मी हाललो न्हाई.)

अन् ह्यानं काय मांडलंय? उठला की अंगणात दोरीवरून उड्या मारतो, पोरी मारतात तशा. मग भिंतीसमोर उभा ऱ्हाऊन आपल्याच सावलीशी भांडतो. तूप वाढलं तर ताटावर हात आडवा धरतो, म्हणे अंग जड होतं. शेजारचे माणिकराव म्हणाले, ही भानामती, परमुलखातून लागून आली. मला मात्र निराळाच शक. उजाडलं की हा जिंतूरच्या सडकेनं पळत सुटायचा अन् घामाघूम होऊन परत यायचा. कुठं गेलतास म्हटलं तर म्हणायचा, "कुठं न्हाई, नुसतं पळून आलो." कामाशिवाय माणूस पळतंय का, पाव्हणं? एक तर मागं कुत्रं पायजे, न्हाई तर पुढं पोरगी.

म्हणून परवा मी त्याच्या मागावर निघालो. सडकेनं गेलो तर दिसंल, म्हणून कडंच्या ज्वारीतून वाकून वाकून चाललो. ती ज्वारी दगडाबाईची, अन् दगडाबाई मचाणावर गोफण घेऊन पाखरं हाकायली होती. तिनं ज्वारीची ताटं हालताना पाहिली, रानडुक्कर समजली, अन् पहिलाच गोटा माझ्या डोक्यात. (पटका होता म्हणून हे पत्र लिहायलोय.) मी बोंबललो, तर बाई म्हणती, "अगं माय, हे डुक्कर तर सटवाजीभावजीवाणी वरडायलंय!" अन् गोफणीत दुसरा गोटा भरायली. तेवढ्यात सडकेवरून भुजंग धावत आला, मला पाठकुळी घेतलं अन् तसाच पळत घरी आणलं. वाटंत पोरगी काही दिसली न्हाई. मी त्याच्या पाठीवर कान लावून होतो, पोराला धापबी लागली न्हाई.

तरी शक जाईना. संध्याकाळी डोक्याला फडकं बांधून मी अंगणात उभा राहिलो. म्हटलं, "मार मला. बघू काय शिकलास."

"आबा, तुमच्यावर हात उचलू व्हय?"

"मग मी मारतो. तू फक्त उभा ऱ्हा."

पण उभा ऱ्हाईल तर शपथ. उजवा हाणला, तिथं पोरगं न्हाई. डावा हाणला, तिथंबी न्हाई. हासत नव्हता, चिडवत नव्हता, नुसता माझ्या खांद्याकडं बघत बाजूला व्हायचा. शेवटी मी असा घरंदाज मुक्का काढला, की त्याच्यामागं मीच गेलो अन् बैलांच्या गव्हाणीत कडब्यावर पालथा पडलो. तुमची बहीण ओट्यावर पोट धरून हासायली (तिच्या मजेचं कारण ते हेच, अजून संपलं न्हाई). भुजंगनं मला उठवलं, अंगावरचा कडबा झटकला अन् हळूच म्हणाला, "आबा, आमचा उस्ताद म्हणतो, मारणाऱ्यालाबी घर असतं अन् मार खाणाऱ्यालाबी. दातासकट घरी जायचं."

आता सांगा, असं पोरगं घराण्याचं नाव काय राखणार? मागं सरायची तालीम! मला तर ह्यात छावणीचा काही डाव दिसतो. मी काही उरुसाला जाणार न्हाई, हे पक्कं. लहानांना आशीर्वाद, थोरांना दंडवत.

तुमचा
सटवाजी

ता. क. उरुसाला मी यायलोय. तुमीबी नक्की या अन् माझ्या शेजारी बसा. जोड सुरू झाली की मी डोळे मिटून घेणार हाय (डोक्याला मार हाय, ऊन सोसत न्हाई). तुमी कानात सांगत ऱ्हा, पोराला लागलं का न्हाई लागलं. जिंकला का हारला ते मागून सांगितलं तरी चालंल.

आणखी ता. क. पत्र बंद करताना मनकर्णा म्हणाली, की तिनंबी धुरपतावहिनींना हाच निरोप धाडला होता, मी डोळे मिटणार, तुमी बघून सांगा. वहिनींचं उत्तर आलंय, त्यांना रगत बघवत न्हाई, त्या तुमच्या तोंडाकडं बघून अंदाज घेणार हायेत. तवा पाव्हणं, चौघांत मैदानाकडं बघणारे तुमी एकलेच. डोळे झाकू नका.