ग्राहक क्रमांक सात

३ फेब्रुवारी, सकाळी ७.१०
वस्तुस्थिती क्रमाने नोंदवतो. एक : वसतिगृहात कपडे धुण्याची मशीन दोन, विद्यार्थी एकशे साठ. दोन : मशीनची वेळ राखून ठेवणारे ॲप मी रचले. तीन : वर्गातली एक मुलगी भागीदार म्हणून घेतली, कामसू आहे, पण आलेखांची जाण नाही. चार : सरांनी तळमजल्यावरची खोली आम्हाला वापरायला दिली आहे. वीस तारखेपर्यंत कोणी न सांगता दुसऱ्यांदा वेळ घेतलेले दहा जण दाखवायचे, नाहीतर खोली दुसऱ्या गटाला. पाच : दहा हा आकडा माझ्यासाठी अपमानास्पद आहे.

ॲपची लिंक फोनमधल्या झाडून सगळ्यांना पाठवली.

६ फेब्रुवारी
सरांचे मोजमाप ढोबळ आहे. त्याऐवजी ‘समग्र प्रगती निर्देशांक’ तयार करतो आहे. घटक चौदा. त्यासाठी ॲप तीन दिवस बंद. भागीदार म्हणाली, आधी चार जणांना विचारून तर बघू. लोकांना काय कळते?

८ फेब्रुवारी
भागीदाराने मशीनच्या खोलीत दारावर रेघा मारलेला कागद चिकटवला. दोरीला पेन्सिल. ॲप सुरू होईपर्यंतची सोय म्हणे. शोभत नाही, असे स्पष्ट सांगितले.

१२ फेब्रुवारी
निर्देशांक ७१.४! ग्राहक क्रमांक सात रोज सहा वेळा ॲप उघडतो. (नावे मी पाहत नाही, तटस्थता बिघडते.) त्याने अजून एकदाही वेळ घेतलेली नाही. चोखंदळ माणूस दिसतो. माझ्यासारखाच.

भागीदाराने विचारले, तू स्वतः कपडे कधी धुतलेस? संस्थापकाने वेळ घेतली तर आकडे दूषित होतात. हे तिला दोनदा समजावले. ती खिडकी उघडून बसली.

१५ फेब्रुवारी
सातसाठी अक्षरे मोठी केली. त्याने आज आठ वेळा उघडले. नेमके हेच अपेक्षित होते. इतर एकोणीस जण गळाले. निर्देशांक तरीही ७४. सूत्र निर्दोष आहे.

१८ फेब्रुवारी, दुपारी
कागद काढून टाकला. तासाभरात नवा लागला. भागीदार शांतपणे म्हणाली, “तू आलेख सांभाळ, मी रांग सांभाळते.” कोणी काय सांभाळायचे हे ठरवणारी ही कोण?

२० फेब्रुवारी, सायंकाळी
सकाळी अकराला सरांपुढे सादरीकरण. चौदा घटक, बावीस पाने. सरांनी तिसऱ्या पानावर थांबवून विचारले, दहा जण कुठे आहेत? मी म्हणालो, दहा उथळ ग्राहकांपेक्षा एक सखोल बरा. सर म्हणाले, मग त्या सखोलाला फोन लाव. स्पीकरवर.

नाइलाजाने नोंदणीतला क्रमांक लावला. फोनच्या पडद्यावर काय उमटले ते येथे लिहीत नाही. पलीकडून आवाज आला, “बोल रे राजा, जेवलास का?”

सरांनी विचारले, आपण आमचे ॲप रोज का उघडता? आई म्हणाली, “मशीनला याचं नाव लागलंय का बघते हो. पंधरा दिवस होऊन गेले. हा अंगात घालतोय तरी काय?”

सरांनी माझ्या शर्टाकडे पाहिले. भागीदाराने खिडकीबाहेर पाहिले. मग तिने घडी घातलेले कागद पिशवीतून काढले. दोन किंवा अधिक वेळा लिहिलेली नावे सव्वीस. पेन्सिलीने. सर म्हणाले, खोली राहिली, पण हिच्याकडे.

२१ फेब्रुवारी
भागीदार म्हणते, खोली तुझीही आहे. आलेखांसाठी एक भिंत रिकामी ठेवली आहे. मात्र आधी आंघोळ आणि कपडे, मग आलेख. मी तत्त्व म्हणून नकार देणार होतो. धुतलेला शर्ट शोधला. नव्हता.

दुपारी कोणी नसताना मशीनच्या खोलीत गेलो. पेन्सिलीला टोक उत्तम होते. कागदावर पुढीलप्रमाणे लिहिले, आणि त्याचा फोटो ग्राहक क्रमांक सातला पाठवला :

‘अर्जदाराकडे धुवायचे कपडे एक पोते आहेत. सोमवारी सकाळी नऊची वेळ मिळेल किंवा कसे, याचे उत्तर याच कागदावर, अर्जदाराच्या नावापुढे, लेखी द्यावे.’