ड्रोनले पाय नाहीत

२६ डिसेंबर, सकाळी ६.४०
धुकं. पुलाचा पहिला खांब दिसते, दुसरा नाही. आजपासून काम सुरू.
काम काय ते नीट लिहून ठेवतो. मी मँगनीजच्या खाणीत एकतीस वर्षं सर्व्हेत काढले. पुतण्या रजतनं नागपूरहून ड्रोन आणून दिला. म्हणे, काकाजी, रिटायरमेंटचा टाइमपास. मी टाइमपास करणारा माणूस नाही. खराब हवामानात ड्रोन कसा चालते याचा अभ्यास करीन. साफ आभाळात तं कोणीही उडवते.
दिशा : नदीपलीकडचा टोला, म्हणजे लहान वस्ती. सरळ रेषेत बाराशे मीटर. तिथं माही पोरगी मंजुषा राहते, पण त्याचा इथं संबंध नाही. टार्गेट काहीतरी लागतेच.

२७ डिसेंबर
उडवायच्या आधी कंपास सेट करा लागते. त्यासाठी ड्रोन हातात धरून स्वतःभोवती गोल फिरा लागते. फिरलो. बाजूच्या वावरातून पुनाराम पाहून राह्यला होता. म्हणे, चैतराम भाऊ, बाहेरचं काही लागलं का? आता हे दुपारपर्यंत पुलाजवळच्या चहाटपरीवर सगळ्याइले कळन.
म्हणून धुकं बरं. धुक्यात पुनारामले ड्रोन दिसत नाही. मुख्य कारण अभ्यासच.
उड्डाण सहा मिनिटं. स्क्रीनवर पूर्ण पांढरं. अभ्यासाच्या दृष्टीनं उत्तम.

१ जानेवारी
संकल्प. रोज एक उड्डाण. डायरीत टार्गेटले टार्गेटच म्हणायचं, नाव घ्यायचं नाही. चहात साखर कमी.
माही बायको मैनाबाई दर गुरुवारी ऑटोनं पलीकडे जाते, नातवाले तेल लावून येते. आजही गेलती. पायी वीस मिनिटांचा रस्ता. मी विचारत नाही, ती मले सांगत नाही. आल्यावर स्वयंपाकघरात भांड्याइले सांगते, मोठ्यानं. आज भांड्याइले म्हणे, पाच महिन्याचा झाला, नाक आजोबाचं घेतलं.
तीन वर्षांआधी मंजुषानं कोर्टात धम्मपालसंगं लग्न केलं, जातीबाहेर. तवा मी समाजाच्या दहा लोकाइसमोर म्हटलं होतं का, त्या घराची पायरी चढणार नाही. शब्द म्हणजे शब्द. ड्रोन पायरी चढत नाही. त्याले पाय नाहीत. हे कोणाले विचारलं नाही, स्वतःच्या डोक्यानं काढलं.
(साखर उद्यापासून.)

४ जानेवारी
धुकं कमी, वारा फार. ॲपमधली बाई इंग्रजीत ओरडून राह्यली होती, स्ट्राँग विंड, स्ट्राँग विंड. घरातल्या बाईचं ऐकलं नाही, तिचं काय ऐकतो. ड्रोन तिरपा होऊन तुरीच्या वावरात गेला. दोन तास शोधला. एक पातं तुटलं, ते बदललं. चूक वाऱ्याची.

७ जानेवारी, ७.१०
आज धुक्यात साठ फुटांवर उतरवला. मधात एक लाल ठिपका दिसला. बादली असन. व्हिडिओ घरी दहा वेळा पाह्यला, मोठा करून पाह्यला. बादलीच.
पण बादली हलत नाही. हे हललं.

८ जानेवारी
गुरुवार. मैनाबाईनं आज कढईले सांगतलं का, धम्मपाल मास्तरची बदली झाली, बिरसाले. अठरा तारखेले, रविवारी, सामान घेऊन जाऊन राह्यले.
बिरसा गाव दूर, बैहरच्याही पलीकडे. ड्रोनची रेंज दोन किलोमीटर. नकाशावर मोजलं. मंग आणखी एकदा मोजलं.
जेवण गेलं नाही. पोटाचं काही असन.

१२ जानेवारी
चार दिवसांपासून धुकं नाही. रोज सकाळी बेशरमासारखं ऊन. इतक्या चांगल्या हवामानानं अभ्यासाचं नुकसान होऊन राह्यलं. आज उडवला असता तं अंगण साफ दिसलं असतं. पण अंगणातल्या माणसाइले ड्रोनही साफ दिसला असता. अन् टपरीवरच्याइले बी.
सहा दिवस राह्यले. म्हणजे अभ्यासाचे.

१४ जानेवारी, संक्रांत
धुकं आणि वरून झिमझिम. ॲप नाही म्हणते. उडवला.
अंगणावर नेला. लाल ठिपका होता. खाली घेतला, आणखी खाली घेतला. पाते ओले, थंडीनं बॅटरी बसली. याच्यात एक बटन आहे, दाबलं का ड्रोन आपल्यानं घरी परत येते. चार वेळा दाबलं. आला नाही. सिग्नल गेला.
दिवसभर मैनाबाईच्या नजरेले नजर दिली नाही. तिनं तिळाचा लाडू हातावर ठेवला, तो तसाच राह्यला.

१५ जानेवारी
मैनाबाई पलीकडून आली. थैलीतून दोन वस्तू काढल्या. एक लाडवाचा डबा. दुसरा लेकराच्या दुपट्यात गुंडाळलेला ड्रोन. तुटलेलं पातं धम्मपालनं चिकटवून देलं होतं. चिकटवलेल्या पात्यावर उडत नाही, पण काम सफाईचं आहे. माणसाचा हात चांगला आहे, हे मानलं पाहिजे.
मंग मैनाबाई भांड्याइले नाही, मले बोलली. मंजुषाचा निरोप होता.
“बाबूजीले सांग, यंत्र पायरीवर येऊन पडलं. सकाळी त्याचा आवाज आला का मी लेकराले घेऊन अंगणात उभी राहते. म्हटलं, त्याइले दिसत असन.”
मी म्हटलं, धुकं होतं. ती म्हणे, हौ, माहीत आहे.
रात्री ड्रोनमधलं मेमरी कार्ड पाह्यलं. पडल्यावरही कॅमेरा बारा सेकंद चालू होता. आधी पायरी. मंग लाल स्वेटर, मंग मंजुषाचं तोंड, वाळलेलं. मंग लेकरू. त्यानं कॅमेऱ्यावर हात ठेवला अन् अंधार झाला.
नाक माहंच आहे. डोळ्यात कचरा गेला म्हणून फक्त एकोणीस वेळा पाह्यलं.

१६ जानेवारी
संकल्प. उद्या जायचं. पायी, पायरी चढून. शब्द दहा लोकाइसमोर देलता, त्यातले तीन वारले. म्हणजे शब्द तेवढा हलका झाला.

१७ जानेवारी
दाढी केली. प्रेसचा शर्ट घातला. लाडवाचा डबा रिकामा कसा परत करायचा, म्हणून त्याच्यात चिन्नोर तांदूळ भरले. पुलापर्यंत गेलो. टपरीवर पुनाराम अन् समाजाचे तिघं बसले होते. मी घड्याळ पाह्यलं, काहीतरी विसरल्यावाणी केलं अन् वळलो.
भ्यालो नाही. वेळ बरोबर नव्हती. उद्या पहाटे धुक्यात जाईन. धुक्यात माणूस बी दिसत नाही. त्याइच्या सामानाचा टेम्पो आठचा आहे.

१८ जानेवारी, रविवार
साडेपाचले तयार होतो. डबा मांडीवर घेऊन दारात बसलो. धुकं आलं नाही. सातले मैनाबाई निघाली. दारात थांबून म्हणे, चालता का? मी म्हटलं, थोडं धुकं येऊ दे. ती चपला घालून पुढं गेली.
साडेसात. आठ. सव्वाआठ. पुलाचे सगळे खांब दिसून राह्यले होते. मंग निघालो, तसाच, उन्हात. टपरीवर पुनाराम अन् ते तिघंच होते. कोणी चहाचा कपही खाली ठेवला नाही.
पोहोचलो तं घराले कुलूप. पायरीवर मैनाबाई एकटी बसली होती. म्हणे, साडेआठपर्यंत टेम्पो थांबवून ठेवला होता पोरीनं. सरकून जागा देली.
पायऱ्या दोनच आहेत. चढलो. वरच्या पायरीवर पात्याचा ओरखडा आहे. त्याच्याजवळ डबा ठेवला, मंग उचलून मांडीवर घेतला. तिथं ठेवून कोणासाठी ठेवायचा.
परत येताना पुनाराम पुलावर भेटला. म्हणे, काहून भाऊ, आज मशीन नाही उडवली?
मी म्हटलं, आज हवामान बरोबर नाही.
त्यानं वर पाह्यलं. आभाळ साफ होतं.