तुमचा ढब्बू पैसा

अव्वा, तुमचा ढब्बू पैसा हिरवा पडला होता. आधी तेच सांगून टाकते, कारण आडवळणानं बोललेलं तुम्हाला कधी खपलं नाही. काळजी करू नका, आता बरा आहे. होता तसा नाही, पण आहे.

पावसाळ्यात घरावरचं मातीचं धाबं गळायला लागलं, तेव्हा यांनी देवघरातली नाण्यांची डबी उचलून स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीशेजारी ठेवली. ओल आणि मीठ एकत्र आलं की तांब्याचं काय होतं हे भुसाराच्या दुकानात जन्म काढलेल्या माणसाला ठाऊक असायला हवं, पण नव्हतं. दिवाळी तोंडावर आल्यावर नव्या सुनेनं डबी उघडली आणि ओरडली, "आत्याबाई, हा पैसा कुजलाय की!" मी हातातलं पीठ तसंच घेऊन धावले. चांदीचे रुपये नुसते काळे, नेहमीसारखे. त्यांच्यातल्या एकुलत्या एका तांब्यावर मात्र हिरवी पूड धरली होती, बोट लावलं तर बोटाला येत होती. पोरीच्या दुसऱ्या हातात लिंबाची फोड तयारच होती. मी तिचं मनगट गच्च धरलं आणि तोंडातून निघून गेलं, "तिक्कबेड!" ती कऱ्हाडची, तिला कानडी कुठलं कळायला? माझ्याकडे बघतच राहिली.

मला तरी कुठं कळलं होतं, तुम्ही मला तसंच धरलंत तेव्हा? तुमची सून म्हणून माझी पहिली दिवाळी. मी बार्शीची, आमच्याकडे पितळी घासली की तिच्यात तोंड दिसलं पाहिजे असा आईचा दंडक. सासरी काहीतरी करून दाखवायचं म्हणून मी पहाटेच चिंच भिजवली, त्यात मीठ घातलं, चुलीतली राख चाळून घेतली, आणि डबी पाटावर ओतली. अजून दिसतंय मला. चुलीसमोर मी उकिडवी बसलेय, हातात पहिला रुपया, आणि मागून तुमचा हात येतो. बांगड्या रुतल्या इतका घट्ट. "तिक्कबेड, तिक्कबेड!" माझ्या डोळ्यांत पाणी आलेलं पाहून तुम्ही मराठीवर आलात. "अगं, घासू नगंस म्हन्ते. चिंच भांड्याला लावायची. हे भांडं हाय व्हय? मानूस म्हातारं झालं म्हून त्याला राखेनं घासतीस का तू?" मला रडता रडता हसू आलं. तुम्ही हसला नाहीत. चिंचेची वाटी बाजूला सारलीत आणि पाणी कोमट करायला ठेवलंत.

मग मला शिकवलंत. रिठ्याच्या पाण्यात बुडवायचं, हलवायचं, दुसऱ्या साध्या पाण्यातून काढायचं, जुन्या मऊ धोतराच्या फडक्यावर ठेवून वरून दुसरं फडकं दाबायचं. टिपायचं, पुसायचं नाही. "कडेनं धर. तोंडावर बोट न्हाई लावायचं, घाम खातोय त्याला." आणि त्या दिवशीच मला डबीतल्या बायका भेटल्या. या घरात येणारी प्रत्येक सून पहिल्या लक्ष्मीपूजनाला माहेरचं एक नाणं डबीत टाकते, हे मला ठाऊक होतं. कोणतं कुणाचं हे ठाऊक नव्हतं. राणीछाप रुपये तर सगळे सारखे. तुम्ही काळेपणावरून सांगत गेलात: हा सगळ्यात काळा तुमच्या आजेसासूबाईंचा, हा त्याहून थोडा उजळ सासूबाईंचा, हा निळसर झाक असलेला थोरल्या जाऊबाईंचा. मी चिंच लावली असती तर सगळ्या एका वयाच्या झाल्या असत्या, आणि कोण कोण होती ते कुणालाच सांगता आलं नसतं.

मी विचारलं, "आणि हा तांब्याचा?" "माझा," तुम्ही म्हणालात. तुमच्या लग्नाचं वर्ष दुष्काळाचं. वळसंगाहून तुम्हाला पोहोचवायला आलेल्या तुमच्या अप्पांनी वेशीपाशी बैल थांबवून कनवटीचा तो ढब्बू तुमच्या हातावर ठेवला होता. रुपयांच्या रांगेत तांबं बरं दिसत नाही, बदलून घे, आम्ही रुपया देतो, असं सासऱ्यांनी सांगितलं तरी तुम्ही ऐकलं नव्हतं. "अप्पानं दिल्यालं बदलून घ्यायचं व्हय?" एवढंच म्हणालात, आणि तो फडक्यावर ठेवून टिपलात, बाकीच्यांपेक्षा जरा जास्त वेळ.

माझा रुपया राजाछाप, टाकसाळीतून आल्यासारखा कोरा. त्या काळ्या रांगेत तो एकटाच चकाकत होता आणि मला त्याची लाज वाटत होती. भाषा वेगळी, हात वेगळा, भाकरी थापली तरी पातळ, त्यात हा रुपया. तुम्ही तो रांगेच्या टोकाला ठेवलात. "हुईल की काळा. घाई काय हाय? ऱ्हा आमच्यात." अव्वा, तुमच्या हयातीत हे तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही, कारण तुम्ही उठून गेला असता. त्या एका वाक्यावर मी या घरात नांदले. तुम्ही मला कधी घासलं नाहीत. माझी बार्शीची बोली, माझ्या पातळ भाकरी, माझं पटकन रडणं, सगळं तुम्ही राहू दिलंत. फार उपकार आहेत तुमचे.

तर हिरवं. हे म्हणाले, "सोनाराकडं देऊ. तेजाबात बुडवून काढला की कोरा करकरीत. सोनारानंच कान टोचावेत." म्हटलं, कान टोचायचे असते तर दिला असता. तेजाब हिरवं खाईल तसा पैसाही खाईल. मला तुमचं बोलणं आठवत होतं, एकदा समईच्या बुडाशी हिरवं धरलं होतं तेव्हाचं: "काळं ऱ्हाऊ दे. काळं नुसतं बसून असतंय. हिरवं मातर ठेवू नगंस, ते खात जातंय." तेव्हा तुम्ही जे केलंत तेच मी केलं. वाटीत एरंडेल घेतलं आणि पैसा त्यात सोडला. लक्ष्मीपूजनाला रांगेत त्याची जागा रिकामी कशी ठेवायची? म्हणून वाटीसकट पाटावर ठेवला. शेजारीण म्हणाली, "यंदा लक्ष्मीला जुलाब देताय का काय?" सगळे हसले, मीही हसले. पण रात्रभर डोक्यात एकच, की हिरवं निघाल्यावर खाली काही उरलेलं असेल ना?

तेल हिरवं झालं की बदलत गेले. संक्रांत उलटल्यावर वाटी अंगणात घेऊन बसले. पूड मऊ झाली होती, पण उरलेली बाभळीच्या काट्यानं उचलायची होती, आणि माझे डोळे आता तेवढे राहिले नाहीत. काटा सुनेच्या हातात द्यावा लागला. खरं सांगते, जीव मुठीत धरून बसले होते. लिंबाची फोड घेऊन धावलेली हीच ती पोर. म्हटलं, खरवडायचं नाही, टोकानं नुसतं उचलायचं. ती म्हणाली, "कळलं हो, आत्याबाई, तुम्ही श्वास तरी घ्या." तिनं पैसा कडेनं धरला. हे मी तिला सांगितलं नव्हतं, दिवाळीला रुपये टिपताना तिनं बघून ठेवलं असणार. ऊन अंगणातून भिंतीवर चढेपर्यंत ती बसली होती. एका बाजूला बारीक खड्डे पडलेत, अक्षरं अर्धी गेलीत. दुसरी बाजू शाबूत आहे, जुन्या गुळाच्या रंगाची. "अजून काळा नाही झाला पुरता," ती म्हणाली, "होईल ना?" मी हो म्हटलं.

हा कागद तुमच्या पैशाला गुंडाळून डबीत ठेवावा असं मनात होतं. पण शाईचा कागद नाण्याला लावू नये, सुती फडकंच हवं, हेही तुमचंच. तेव्हा कागद माझ्या ट्रंकेत राहील. आणि तसंही, तुम्हाला वाचता कुठं येत होतं?

एक मात्र सांगायचं आहे. पैसा धुऊन, टिपून, रांगेत तुमच्या जागी ठेवण्याआधी सून पाणी टाकायला आत गेली होती. तेवढ्यात मी तो तळहातावर घेतला आणि त्याच्या तोंडावरून, शाबूत बाजूनं, अंगठा फिरवला. एकदाच. तिक्कबेड म्हणाला होतात, ठाऊक आहे मला. राहवलं नाही, अव्वा.